हेड बोल्ट (इंजिनचं हेड खालच्या ब्लॉकला जोडणारे बोल्ट) आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क (पिळाचा जोर) गाठला की आवाज करणारा पाना, 'टक' वाजल्यावर खात्रीसाठी आणखी एकदा ओढावा का? आणि आट्यांना तेल लावावं का?

नाही, पहिल्या आवाजालाच थांबा. दुसऱ्यांदा ओढलं की बोल्ट ठरलेल्या आकड्याच्या पुढे जातो. झटका देऊ नका. मुठीच्या मधोमध धरून सावकाश, एकसारखं ओढा. 'टक' जाणवतो तोही हातालाच, कारण कमी टॉर्कवर तो ऐकूही येत नाही.

तेलाचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण ९० टक्के डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. म्हणून कोरड्या बोल्टसाठी दिलेला आकडा तेलकट बोल्टला लावला तर ताण बराच वाढतो, आटे उपटतात. मॅन्युअलमध्ये तेल सांगितलं असेल तरच लावा, तेही थेंबभर. बोल्टचं भोक खाली बंद असेल तर ते आधी हवेने साफ करा. तळाशी तेल किंवा कूलंट साचलेलं असलं की बोल्ट ते दाबतो आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते.

क्रम मॅन्युअलमधलाच. बहुतेक हेडना मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळतात. एका दमात पूर्ण आवळलं तर गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सीलचा थर) सगळीकडे सारखं दबत नाही. शेवटी '९० अंश' लिहिलेलं असेल तर तिथे अँगल गेज (बोल्ट किती अंश फिरला ते दाखवणारं साधन) लावा. असे बोल्ट बहुधा आवळताना कायमचे ताणले जाणारे असतात, पुढच्या वेळी नवेच घ्या.

या रेंचने बोल्ट सोडवू नका. काम झालं की सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा.