तळाला चियेनलुंगचा शिक्का असलेली चिनी मातीची तपकिरीची बाटली मिळतेय, अस्सल असेल का? घ्यावी का?

शिक्क्यावर जाऊ नका हो. चियेनलुंग हा चीनचा बादशहा, कारकीर्द १७३६ ते १७९५, आणि पोर्सेलिनच्या बाटल्यांचा पूर आला तो त्याच्यानंतर, च्याछिंग आणि ताओक्वांग या पुढच्या बादशहांच्या काळात, म्हणजे १७९६ ते १८५०, चिंगदचन या चिनी मातीच्या कामाच्या गावातल्या भट्ट्यांतून. नंतरच्यांनी त्याचं नाव बिनधास्त लिहिलंय, कुणी आदर म्हणून, कुणी गिऱ्हाईक गटवायला.

हेच मी आमच्या मेहुण्याला १२ वर्षं सांगतोय. हाँगकाँगला नोकरीला होतो तेव्हा कॅट स्ट्रीटवर, तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, एक बाटली घेतली, जेमतेम ६ सेंटिमीटर, पांढऱ्या अंगावर दोन रातकिडे, एकाची मिशी पार खांद्यावरून मागच्या बाजूला गेलेली. (ताओक्वांगच्या वेळी हे चित्र फार, लोक रातकिडे पाळायचे, झुंजवायचे.) रंग झिलईच्या वर भाजलेले, नख फिरवलं की लागतात, आणि जिथे अंगठा बसतो तिथे एका किड्याचा पाय झिजून गेलेला. बुचाला हाडाचा चमचा, आत तपकिरीचा थर. आपल्याकडे डबीतून चिमूट, तिकडे हवा दमट म्हणून घट्ट बुचाची बाटली, चमच्याने काढून अंगठ्याच्या नखावर घ्यायची. तळ मात्र कोरा.

मेहुण्याने उलटी करून बघितली आणि म्हणाला, "दाजी, शिक्का नाही, गंडवलं तुम्हाला." वर घाण काढून देतो म्हणून रात्रभर भांड्यांच्या साबणात बुडवून ठेवली, बुचासकट! सकाळी चमचा सुटलेला, थर सिंकमध्ये. त्याच्या शोकेसमध्ये आता हॉटेलच्या दुकानातली शिक्केवाली आहे, सोनेरी काठाची, आतून इतकी पांढरीशुभ्र की तपकिरीचा कणही कधी शिवला नसावा, आणि पाहुण्यांना बादशहाची म्हणून सांगतो.

तर तुम्ही तोंडातून टॉर्च मारून आत बघा, रंग कुठे झिजलेत ते बघा. आता खरं सांगायचं तर डाग मुद्दामही पाडतात, आणि न वापरलेल्या अस्सल बाटल्याही असतात, त्यामुळे एवढ्यावरून ठरत नाही, जाणकाराच्या हातात द्याच. चमचा हस्तिदंती असेल तर नादी लागू नका, आपल्याकडे त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. गुंतवणूक म्हणून विचारत असाल तर सरळ एफडी करा.

माझी अजून आहे, चमचा फेविक्विकने चिकटवलाय, जरा तिरका बसलाय.