ऑक्सिजन 98, तरी श्वास पुरत नाही

कोविडनंतर ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार सतत येते: "मॅडम, मला ऑक्सिजन कमी पडतोय." तरुण मुलं, निवृत्त शिक्षक, नुकत्याच बाळंत झालेल्या मुली, सगळे हेच म्हणतात. बहुतेकांच्या पिशवीत ऑक्सिमीटर असतो. कळव्याच्या एका ताईंकडे तर दोन होते.

त्या बँकेत नोकरीला. ठाण्याहून सकाळची फास्ट पकडायच्या. गर्दीत एकदा दम कोंडला, हातापायांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. तेव्हापासून मुलुंड येईस्तोवर दर दोन मिनिटांनी बोट यंत्रात. एक्स-रे, ईसीजी, हिमोग्लोबिन सगळं नीट होतं. हे तपासून झाल्याशिवाय मी पुढे जातच नाही. छातीची गोष्ट आधी डॉक्टरांची.

"आकडा किती येतो?"

"98, 99. पण तेव्हाच जास्त गरगरतं. म्हणून दुसरं यंत्र घेतलं. ते 97 दाखवतं!"

असल्या यंत्रांत दोन-तीन अंकांचा फरक पडणारच. थंड बोट, नेलपेंट, मेंदी यांनीही आकडा हलतो. पण हे सांगून भीती जात नाही, कारण भीती आकड्यामुळे नसतेच. आकड्याचा आपण काय अर्थ लावतो, तिथे ती असते. माझी सगळी प्रॅक्टिस याच एका विश्वासावर उभी आहे आणि त्याने मला फारसं कधी फसवलेलं नाही.

म्हणून विचारलं, "एक श्वास चुकला तर आत काय होतं, असं तुम्हाला वाटतं?"

त्यांनी शाळेच्या पुस्तकातलं चित्र वर्णन केलं. हृदयाकडून जाणाऱ्या नळ्या लाल, परत येणाऱ्या निळ्या. "निळं म्हणजे रिकामं. पुढचा श्वास आला नाही, तर शरीरात काहीच उरत नाही."

तर ही होती गाठ. बाई श्वासागणिक दिवाळखोरीत निघत होत्या.

मी कागद पुढे ओढला. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत लोहाच्या चार जागा, आणि फुप्फुसात एकेका जागेवर ऑक्सिजनचा एकेक रेणू बसतो. रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन असाच बसून जातो, नुसता विरघळलेला अगदी थोडा. हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फिरवतं आणि त्यातून सुमारे 1 लिटर ऑक्सिजन शरीरभर जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाला लागतो त्यातला पाव लिटर. मग परत येणाऱ्या रक्तात किती उरला, ते मी मुद्दाम सांगितलं नाही. बँकेतल्या बाईला हिशेब सांगायचा नसतो.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "म्हणजे पाऊण तसाच परत येतो?" आणि मग हसल्याच. "चौघांतला एकच उतरला की हो! चौथ्या सीटवरचा. बाकीचे तिघं बसून रिटर्न!"

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. मी आयतं सांगितलं असतं, तर पुढच्या भेटीपर्यंत विसरलंही गेलं असतं.

गरगरण्याचं कोडं मग सोपं झालं. घाबरून भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, हिमोग्लोबिनही ऑक्सिजन जरा घट्ट धरून ठेवतं. 1904 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ क्रिस्टियन बोर आणि सहकाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइडचा हिमोग्लोबिनवरचा हा परिणाम मांडला. म्हणजे यंत्रावरचा 99 खरा आणि गरगरणंही खरं. श्वास कमी नव्हता, जास्त झाला होता.

म्हणून अशा वेळी "खोल श्वास घ्या" हा सल्ला मी देत नाही. नाकाने साधा श्वास घ्या आणि सोडताना वेळ लावा. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. ताईंचं एक यंत्र त्यांनी घरी कपाटात ठेवलं, दुसरं आधी पर्सच्या तळाशी, मग तेही घरी. पहिला आठवडा जड गेला. अजूनही कधी कधी दम कोंडतो, पण त्या गाडी सोडत नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा. ऑक्सिमीटर जागा किती टक्के भरल्या ते दाखवतो, जागा मुळात किती आहेत ते नाही. हिमोग्लोबिन 7 असलेल्या बाईचाही आकडा 98 येऊ शकतो. जिना चढताना धाप लागत असेल, चेहरा पांढुरका पडला असेल, तर माझ्याकडे येण्याआधी रक्त तपासा. आकडा पुन्हा पुन्हा 94 च्या खाली येत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थेट दवाखाना गाठा.

आणि घरच्यांनी "काही झालेलं नाही तुला" असं म्हणू नये. मुंग्या खऱ्या असतात. शेजारी बसा, स्वतः सावकाश श्वास सोडा आणि यंत्र आणायला उठू नका.