जोडीदाराचा लिंगभाव बदलतो तेव्हा: परवानगी कोणी कोणाला द्यायची?

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या विवाहित स्त्रियांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो. आपण आतून कायम स्त्रीच होतो आणि यापुढे स्त्री म्हणूनच जगायचे आहे, असे नवऱ्याने सांगितले आहे. तर आता मी त्याला होकार द्यावा की नकार? या प्रश्नाच्या पोटात आणखी दोन प्रश्न असतात आणि ते सहसा पहिल्या भेटीत ओठांवर येत नाहीत. हे माझ्यात काही कमी होते म्हणून झाले का, आणि हे जर आधीपासून होते तर आमच्या लग्नाला काय म्हणायचे?

सुजाता आणि अनघा यांच्या गोष्टीतून या तिन्ही प्रश्नांकडे पाहणे मला सोपे वाटते. दोघींची नावे, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याची परवानगी दोघींनीही दिली आहे. अनघाचे जुने नाव मी देणार नाही. ती पुरुष म्हणून वावरत होती त्या काळाविषयी लिहितानाही तिचा उल्लेख स्त्री म्हणूनच करीन. मात्र सुजाताच्या तोंडची वाक्ये ती त्या वेळी बोलली तशीच ठेवली आहेत, कारण ती बदलली तर तिचा त्या वेळचा गोंधळ वाचकापर्यंत पोहोचणार नाही.

सुजाता सहकारी बँकेत काम करते, अनघा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रभागांची ड्रॉइंग करते. लग्न रीतसर पाहून, पत्रिका जुळवून झालेले. मुलगी त्या वेळी आठ वर्षांची. 2021 मध्ये, घरूनच काम चालू असताना, सुजाताला लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी सापडली. तिने ती ओळखीच्या मेडिकलवाल्याला दाखवली. ‘पाळी गेल्यानंतर बायकांना देतात त्या गोळ्या आहेत, वहिनी,’ असे तो म्हणाला. त्या रात्री सुजाताने धरलेला पहिला संशय अगदी साधा होता: नवऱ्याचे बाहेर कोणाशी तरी संबंध आहेत आणि या गोळ्या त्या बाईच्या आहेत. तिने जाब विचारला आणि उत्तरात तिला जे ऐकावे लागले, त्याची तिच्या मनाने कसलीच तयारी केलेली नव्हती.

पहिल्या भेटीत सुजाता म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही यांना समजावून सांगा.’ अनघा म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही हिला समजावून सांगा.’ दोघींनाही माझ्याकडून एकच काम करून हवे होते. एकीला नकारावर माझा शिक्का हवा होता, दुसरीला परवानगीवर. हे काम मी करू शकत नव्हते आणि ते का, हे सांगण्यातच ती भेट संपली.

जन्माच्या वेळी शरीर पाहून नोंदलेले लिंग आणि माणसाला स्वतःविषयी आतून असलेली जाणीव, म्हणजे लिंगभाव, यांचा मेळ बसत नसेल, तर तो मनोविकार आहे असे आता वैद्यकशास्त्र मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ही स्थिती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आणि ती आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्याच वर्षी आपल्याकडच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा व्यक्तींना उपचाराच्या नावाखाली ‘सरळ’ करण्याच्या प्रयत्नांना डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तेव्हा समजावून सांगून, शपथा घालून, देवाला नवस बोलून किंवा लग्न लावून देऊन ही जाणीव जात नाही. लग्न लावून देण्याचा उपाय तर अनघाने स्वतःवरच करून पाहिला होता: संसार सुरू झाला की मनातले हे सगळे आपोआप मागे पडेल, असे तिने खरोखर धरले होते.

म्हणून स्त्री म्हणून जगायचे की नाही, हा निर्णय सुजाताच्या होकार-नकाराचा नव्हताच. पण त्याच न्यायाने, अशा जोडीदाराची पत्नी म्हणून राहायचे की नाही, हा निर्णयही अनघाच्या विनवणीचा किंवा माझ्या उपदेशाचा नव्हता. या दोन निर्णयांची गाठ सोडवल्याशिवाय पुढे काहीच नीट बोलता येत नाही, असा माझा अनुभव आहे. ती सुटेपर्यंत घरात जी भांडणे होतात ती परवानगीची असतात. ती सुटली की जे उरते ते खरोखर दोघींच्या सामाईक मालकीचे असते. मुलीला केव्हा सांगायचे, सासरी कोण सांगणार, घराच्या कर्जाचा हप्ता, पगार, सोसायटीत काय बोलायचे, या गोष्टी एकीने परस्पर ठरवायच्या नसतात.

औषधांविषयी माझी भूमिका मी स्पष्ट ठेवली. गोळ्या बंद करा किंवा चालू ठेवा, हे सांगण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही. परंतु अनघा इंटरनेटवर वाचून मनानेच गोळ्या घेत होती आणि सिगारेटही ओढत होती. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो आणि धूम्रपानाने तो वाढतो. मी तिला एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, पाठवले आणि सुजाताने त्या भेटीला जावे असे सुचवले. डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून काय होईल आणि काय होणार नाही ते सांगितले. पहिल्या काही महिन्यांत कामेच्छा आणि ताठरता कमी होते, त्वचा मऊ पडते, स्तनांची वाढ साधारण तीन ते सहा महिन्यांत सुरू होऊन दोन-तीन वर्षे चालते. आवाज मात्र इस्ट्रोजेनने बदलत नाही आणि दाढीसाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने केसांची मुळे नष्ट करणे) करावे लागते. प्रजननक्षमता कमी होते आणि ती परत येईलच याची खात्री देता येत नाही, म्हणून पुढे मूल हवे असेल तर शुक्राणू आधीच गोठवून ठेवणे श्रेयस्कर, असेही ते म्हणाले.

या शेवटच्या वाक्यावर सुजाता रडली. तिला दुसरे मूल हवे होते आणि ते ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत दरवर्षी पुढे ढकलले गेले होते. का ढकलले गेले, हे तिला त्या खुर्चीत बसून कळले.

फसवणुकीचा मुद्दा इथेच उभा राहिला आणि मी तो दाबू दिला नाही. अशा प्रकरणांत समुपदेशकाचे मन पारलिंगी, म्हणजे जन्मनोंदीपेक्षा वेगळा लिंगभाव असलेल्या, जोडीदाराकडे झुकते, कारण त्याचा त्रास डोळ्यांना दिसतो आणि समाज त्याच्याशी कसा वागतो हेही माहीत असते. पण अनघाचा त्रास खरा होता म्हणून तिने लपवलेले सुजाताच्या हिशेबातून वजा होत नाही. लग्नाआधी ज्या माणसाला स्वतःविषयी पुरते उमगलेले नव्हते त्याने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही. मात्र उमगल्यानंतरही काही वर्षे गप्प राहणे आणि चोरून गोळ्या घेणे हे सुजाताच्या आयुष्याविषयीचे निर्णय तिला न विचारता घेणे होते. अनघाने हे माझ्यासमोर मान्य केले. त्यासाठी तिला बरेच आठवडे लागले आणि त्या काळात ती प्रत्येक वेळी ‘पण माझी काय अवस्था होती’ इथे येऊन थांबत असे. ‘पण’ न लावता तिने ते म्हटले, त्यानंतरच सुजाताने तिचे म्हणणे ऐकायला सुरुवात केली.

‘माझ्यात काय कमी होते?’ या प्रश्नाचे उत्तर मी लगेच आणि न घुटमळता देते: काही नाही. बायकोच्या रूपाने, स्वभावाने किंवा शरीरसंबंधांतल्या उणिवेने नवऱ्याचा लिंगभाव बदलत नाही. हे सांगून मन लगेच हलके होते असे नाही, कारण तोवर सासर-माहेरच्या चार तोंडांनी उलटे ऐकवलेले असते.

शरीराच्या आकर्षणाविषयी मात्र सुजाताला स्वतःचीच लाज वाटत होती. ‘मला पुरुष आवडतो, मॅडम. मी मागासलेली आहे का?’ तिने इंटरनेटवर अशा जोडप्यांच्या मुलाखती पाहिल्या होत्या आणि त्यांत बायका हसतमुखाने ‘मी व्यक्तीवर प्रेम केले, लिंगावर नाही’ असे सांगत होत्या. त्या खरे बोलत असतील. पण ज्या स्त्रीला पुरुषाविषयीच ओढ वाटते, तिची ती ओढ जोडीदाराला गरज पडली म्हणून दिशा बदलत नाही, आणि ती बदलत नाही हा तिच्या प्रेमाचा कमीपणा नव्हे. आतली जाणीव समजावून बदलत नाही हे आपण अनघाच्या बाबतीत मानतो, तर तोच नियम सुजातालाही लावला पाहिजे. हे अनघाला ऐकायला कठीण गेले. सुजाताने आपल्याला स्त्री म्हणून स्वीकारावे आणि तरीही पूर्वीसारखेच हवेसे मानावे, अशी तिची आशा होती.

सुजाताच्या दुःखाला घरात जागाच नव्हती, हे मला सर्वांत गंभीर वाटले. नवरा गेलेला नाही, समोर बसून चहा पितो आहे, मग रडायचे कोणासाठी? माणूस शरीराने समोर आणि तरी हरवलेला, किंवा समोर नाही आणि तरी गेला असेही म्हणता येत नाही, अशा अवस्थेला अमेरिकी अभ्यासक पॉलिन बॉस यांनी ‘संदिग्ध हानी’ म्हटले आहे. त्यांनी तो विचार बेपत्ता सैनिकांच्या आणि पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबांसंदर्भात मांडला, आणि अशा ठिकाणीही तो लागू पडतो. इथे फरक एवढाच, की अनघाच्या दृष्टीने कोणी हरवलेले नव्हते, उलट कोणीतरी प्रथमच सापडत होते. तिने साडी घेऊन आल्याचा आनंद दाखवावा आणि त्याच संध्याकाळी सुजाताने कपाटातले नवऱ्याचे लग्नातले जाकीट घडी करून ठेवावे, असे त्या घरात घडत होते. मी त्यांना सुचवले ते फार साधे होते: आठवड्यातून एका संध्याकाळी सुजाता आपल्याला काय गमावल्यासारखे वाटते ते बोलेल आणि अनघा ते ऐकेल, स्वतःच्या बचावात एक वाक्यही न बोलता, दुसऱ्या संध्याकाळी नेमके उलट. पहिले दोन-तीन प्रयत्न भांडणात संपले. पुढे जमले.

मुलीला सांगणे मोठ्यांना वाटत होते त्यापेक्षा सोपे गेले. लहान, खरी वाक्ये वापरावीत, दोघींनी मिळून सांगावे आणि ‘हे तुझ्यामुळे नाही, आम्ही दोघी तुझ्याच राहणार’ हे स्पष्ट म्हणावे, एवढे मी सांगितले होते. मुलीने दोन प्रश्न विचारले: पालकसभेला कोण येणार, आणि मी बाबांना काय म्हणू? ‘बाबाच म्हण,’ अनघा म्हणाली. बाहेर लोक वळून पाहतात तेव्हा मुलगी आपणहून नुसते नाव घेते.

सासूबाईंचे मात्र सोपे नव्हते. ‘माझा मुलगा आता टाळ्या वाजवत फिरणार का?’ हा त्यांचा पहिला उद्गार. तृतीयपंथी समाजाची गुरू-चेल्याची परंपरा ही एक स्वतंत्र सामाजिक रचना आहे, त्यात जाणारी माणसे आपल्या मार्गाने जातात, आणि प्रत्येक पारलिंगी स्त्री त्या मार्गाने जाते असे नाही. अनघा सोमवारी सकाळी कारखान्यातच जाणार होती. हे सांगितल्यावरही सासूबाई आपल्या धाकट्या मुलाला घेऊन एका देवऋष्याकडे जाऊन आल्या. त्यांना बाजूला सारून चालणार नव्हते, कारण मुलगी शाळेतून आल्यावर त्यांच्याकडेच असे. कोणाला काय सांगायचे याचे वेळापत्रक दोघींनी ठरवले आणि त्यावर सुजाताचा शब्द अनघाइतकाच चालेल, हे माझ्या आग्रहाने ठरले. जोडीदार उघडपणे जगू लागला की बायकोलाही चारचौघांत उत्तरे द्यावी लागतात, आणि त्यासाठी तयारीला वेळ मागण्याचा हक्क तिला आहे.

कायद्याची भीती बरीचशी अपुऱ्या माहितीची असते. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. अनघाने 2022 मध्ये अर्ज केला तेव्हा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019 च्या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून पारलिंगी व्यक्ती म्हणून ओळखपत्र मिळत असे आणि अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरून करता येत असे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, तेव्हा सुजाता घाबरून आली: आता आमचे लग्न आपोआप मोडले का? हिंदू विवाह कायद्याखाली झालेले लग्न आपोआप मोडत नाही. त्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. त्यांच्यासारख्या लग्नाविषयी पुढचे बारकावे मी माझ्या अंगावर घेतले नाहीत, कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडे पाठवले. घरकर्ज, नॉमिनी आणि मुलीचा ताबा यांविषयी सल्ला लग्न टिकवायचे असले तरीही घ्यावा, असे मी सर्वांना सांगते.

सुजाताने पत्नी म्हणून राहायचे नाही असे ठरवले आहे. घर मात्र सोडलेले नाही. दोघींच्या खोल्या वेगळ्या आहेत, स्वयंपाक एक आहे आणि संमतीने घटस्फोटाचा अर्ज मुलगी आणखी मोठी झाल्यावर करायचा, की करायचाच नाही, यावर त्यांचे अद्याप एकमत नाही. मंगळसूत्र तिने काढले, पुन्हा घातले आणि आता फक्त बँकेत जाताना घालते. ‘काउंटरवर प्रश्न नकोत म्हणून,’ असे तिचे म्हणणे. पुढेमागे दुसरे लग्न करण्याचा विचार ती बोलून दाखवते आणि अनघाला ते ऐकवत नाही, पण ती खोलीतून उठून जात नाही.

मागच्या वेळी दोघी आल्या त्या दाढीच्या लेझरचा पुढचा टप्पा आधी की कर्जाचा थकलेला हप्ता आधी, यावर भांडत आल्या. सुजाताने सहा महिन्यांचे बँकेचे विवरण छापून आणले होते. हप्ता आधी, असे अर्ध्या तासात ठरले.