निळा बॅज नेमका कोणाला हवाय?

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. क्लबमध्ये रिकर्व्ह तिरंदाजी करतो. पांढरा आणि काळा बॅज पटापट मिळाला, निळ्यासाठी मात्र सहा महिने अडलाय. बरोबरीची मुलं लालपर्यंत पोहोचली. मी रोज मैदानावर असतो, दुर्बिणीतून बघून प्रत्येक बाणाचे गुण त्याला लगेच सांगतो. सरावात जमतं, पण बॅजच्या दिवशी नेम स्थिरावायच्या आतच बाण सुटतो. ओढायला २४ ऐवजी ३२ पौंड जोर लागेल असं धनुष्य द्यावं का? उरलेला वेळ तो बाणांना पिसं चिकटवण्यात घालवतो. करिअरसाठी कोणता बॅज कोणत्या वयापर्यंत हवा?

उत्तर: करिअरचं आधी उरकतो. क्लबचा बॅज हे क्लबचं अंतर्गत कौतुक. संघनिवड किंवा क्रीडा सवलत, दोन्हीकडे अधिकृत स्पर्धेतला स्कोअर आणि क्रमांक विचारतात. वयाची मुदत वगैरे काही नसते.

मला तुमच्या पत्रातलं वेगळंच वाक्य खटकलं. बाण आधीच सुटतो, तोही फक्त बॅजच्या दिवशी. तिरंदाज याला टार्गेट पॅनिक म्हणतात. साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यावर आली न आली तोच बोटं सुटतात, नाहीतर साइट पिवळ्याच्या खालीच गोठून राहते आणि हात वर सरकत नाही. हे कसलेल्या खेळाडूंनाही होतं. ताकद कमी पडली म्हणून नव्हे, तर बाण कुठे लागेल याची धास्ती बाण सोडण्याच्या कामात घुसते म्हणून. आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत ती धास्ती दुर्बीण घेऊन मागे उभी आहे. स्पष्ट लिहितोय, राग मानू नका. मोठे खेळाडूही दुर्बिणीतून बघतात, पण साइट किती सरकवायची हे ठरवायला. तुमचा मुलगा 'सात' ऐकतो आणि पुढचा बाण त्या सातच्या ओझ्याखाली ओढतो. एंडचे, म्हणजे एका फेरीचे, बाण संपल्यावर सगळ्यांनी लक्ष्यापाशी चालत जायचं आणि तिथे गुण लिहायचे, एवढी उसंत या खेळानेच ठेवली आहे. तेवढी तरी त्याला मिळू द्या.

कोचशी बोला. काही आठवडे अगदी जवळून, टार्गेट पेपर न लावता, कोऱ्या गादीवर सराव होऊ द्या. गुण नाहीत, बॅज नाही, तुम्हीही नाही.

३२ पौंडांचा विचार सोडा. २४ वरून ३२ म्हणजे एकदम एक तृतीयांश वाढ, तीही वाढत्या वयातल्या खांद्यांवर. न पेलणारं धनुष्य ओढताना खांदा कानाकडे चढतो, हनुवटी दोरीकडे पुढे येते आणि सुटका आणखी घाईने होते. म्हणजे आहे तो आजार पोसायचा. पौंड वाढवायचे ते कोच ठरवेल, तेही टप्प्याटप्प्याने.

आता एक गैरसमज, कारण तो जवळजवळ प्रत्येक पालकाला असतो: बॅज म्हणजे कौशल्याची पायरी, वरचा बॅज असलेला पुढे, खालचा मागे. एका एंडचे सहा बाण घ्या. एका मुलाचे ९, ९, ८, ८, ८, ८. दुसऱ्याचे १०, १०, १०, ९, ६, ५. दोघांचेही ५०. बॅज गुणांच्या बेरजेवर मिळतो, म्हणून बॅज देणाऱ्याला दोघे सारखेच, कोचला नाहीत. पहिल्याचे बाण एकाच जागी झुंडीने लागले असतील तर साइट जराशी सरकवली की तो दहात जाईल. दुसऱ्याला सहा बाणांत एकच कृती पुन्हा करता येत नाही. शिवाय बॅज वाढतो तसं बहुतेक ठिकाणी अंतरही वाढतं. तीच चूक २० मीटरवर जेवढी बाहेर नेते, त्याच्या दीडपट ३० मीटरवर नेते. अंतर बदलल्यावर गुण घसरले तर मुलगा अडलाय असं नव्हे, नवं अंतर शिकतोय. जागतिक संघटनेचे स्टार बॅजसुद्धा १४४ बाणांच्या, चार अंतरांच्या एका राउंडवर ठरतात. पहिला १००० गुणांना, शेवटचा १४०० ला. तोही त्या एका दिवसाचाच हिशोब. कोचकडे बाणांच्या झुंडीचे फोटो मागा, महिन्यामहिन्याचे. त्यातून कळेल ते बॅजच्या फितीतून कळणार नाही.

पिसं चिकटवण्यात वेळ 'घालवतो' असं तुम्ही लिहिलंत. पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. तीन पिसं समान अंतरावर, एकाच कोनात बसवणं हे चिकाटीचं काम आहे. बाणाचा ताठपणा धनुष्याशी जुळवणं, पिसं नसलेला बाण मारून तो कुठे झुकतो ते बघणं, दोरी स्वतः विणणं, हे ज्याला येतं त्याची प्रत्येक क्लबला गरज असते. त्याला एकदा विचारा, कुठलं पीस निवडलं आणि का. मग ऐका, मधे बोलू नका.

पुढच्या बॅजचा अर्ज तुम्ही भरू नका. त्याला वाटेल तेव्हा तो कोचकडे मागेल. वर्षभर मागितला नाही तरी चालेल.