वाचकांचे प्रश्न : वाटांचे जाळे आखताना

प्रश्न : मुलुंड, ठाणे आणि नवी मुंबई यांना जोडणारे, पादचारी व सायकलस्वार दोघांनाही वापरता येईल असे वाटांचे जाळे आखायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : नकाशावर नव्या रेषा ओढण्यापूर्वी सार्वजनिक मालकीचे सलग पट्टे शोधावेत. मुंबई महापालिकेने तानसा जलवाहिनीलगत सुमारे ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग आखला, त्यामागे अतिक्रमणे हटवून मोकळी झालेली जागा पुन्हा व्यापली जाऊ नये हाही हेतू होता, आणि तो मला अधिक व्यवहारी वाटतो. याउलट पवई तलावाकाठच्या सायकल मार्गाचे बांधकाम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवले. पाणथळ जागांचे नियम आखणीच्या पहिल्याच टप्प्यावर तपासायला हवेत, निविदेनंतर नव्हे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांचा वावर असल्याने वाट उद्यानाच्या आतून न नेता वस्तीच्या बाजूने न्यावी.

रुंदी साधारण ३ मीटर असावी. गर्दीच्या ठिकाणी मात्र पादचाऱ्यांची वाट वेगळीच हवी. खरी अडचण हद्दींची आहे : तीन महापालिकांनी आपापले तुकडे बांधले, तर वाट नेमकी खाडीपुलाशी किंवा महामार्गाच्या चौकात तुटते, म्हणून हे जोडबिंदू मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आधी निश्चित करावेत.