रग्बीसाठी पाटाखालची जमीन विकावी का?

प्रश्न : माझं वय ५२, साखर कारखान्यात नोकरी, पगार कापून हातात ३४ हजार येतात. मुलगा २२ वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रग्बीत महाराष्ट्राकडून दोन राष्ट्रीय स्पर्धा खेळलाय. एक एजंट ११ लाखांत न्यूझीलंडच्या क्लबमध्ये पाठवतो म्हणतो. एक हंगाम खेळणं, राहणं, व्हिसा आणि पुढे व्यावसायिक करार. धोम धरणाच्या पाटाखाली आमची सव्वा एकर आहे, त्यातल्या २५ गुंठ्यांना गिऱ्हाईक आलंय, पुढच्या आठवड्यात विसार देतो म्हणतो. थोरले बंधू म्हणतात, विकू नको, कर्ज काढ. पतसंस्थेत ४ लाखांची ठेव आहे. धाकटी मुलगी नर्सिंगला आहे. काय करावं? (कोरेगाव तालुका)

उत्तर : जमीन विकू नका आणि कर्जही काढू नका. पण म्हणून मुलाचं खेळणं थांबवायचीही गरज नाही. तुमच्या पत्रात हे दोन प्रश्न एकात एक अडकलेत, ते आधी सोडवू.

व्यावसायिक रग्बीत पैसा क्लबकडून खेळाडूकडे जातो. रग्बी युनियन हा रग्बीचा प्रकार १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मानधनावरची बंदी उठली आणि तेव्हापासून ज्याला क्लब खरोखर करारावर घेतो त्याला पगार मिळतो. इथे ११ लाख तुमच्याकडून जाणार आहेत. म्हणजे तुम्हाला देऊ केलाय तो करार नाही. ती एका हंगामाची सहल आहे, आणि शेवटी कोणीतरी मुलाकडे बघेल अशी आशा तिला जोडून दिलीय. न्यूझीलंडमधले गावोगावचे क्लब बहुतांशी हौशी आहेत. सुतारकाम, शेती, शिक्षकी करणारी माणसं तिथे शनिवारी खेळतात. त्यांच्या वर १४ प्रांतांची स्पर्धा, आणि त्याहून वर सुपर रग्बी या व्यावसायिक स्पर्धेतले देशाचे अवघे पाच संघ. या जागांसाठी झटणारी पोरं प्राथमिक शाळेपासून चेंडू हातात घेतलेली असतात. तुमचा मुलगा दोनदा राज्याकडून खेळलाय, ही खरी कमाई आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पण त्या रांगेत त्याचा नंबर कुठे लागेल, हे एजंट सांगू शकत नाही.

एजंटला दोनच गोष्टी विचारा. पहिली, परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवायला केंद्र सरकारची नोंदणी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पडताळा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. ११ लाखांतले विमानभाडं, राहणं, व्हिसाचं शुल्क वजा करा आणि उरलेले कशाचे ते लेखी मागा. दुसरी, व्हिसा कुठला? पैसे घेऊन खेळायचं तर काम करू देणारा व्हिसा हवा, पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. क्लबचं पत्र क्लबच्याच ई-मेलवरून मुलाला थेट आलं पाहिजे. ते येत नसेल तर पुढची बोलणी बंद करा.

आता थोरल्या बंधूंचा सल्ला. ११ लाख, ११ टक्के व्याज, सात वर्षं धरली तर हप्ता १८,८०० च्या आसपास बसतो. ३४ हजारांतून तो गेला की घराला १५ हजार उरतात. त्यातच धाकटीची फी. आणि हे सगळं तुमच्या ५९ व्या वर्षापर्यंत. बंधूंचा हेतू जमीन वाचवण्याचा आहे, पण हप्ते थकले तर तीच जमीन जाते, फक्त उशिरा.

विक्रीबद्दल तुम्ही आणखी लिहिलंय की शेतजमिनीवर कर लागत नाही. गाव नगरपंचायतीच्या हद्दीपासून पुरेसं लांब असेल तर ते खरं आहे. पण कर वाचतो हे विकण्याचं कारण होत नाही. पाण्याखालचे २५ गुंठे एकदा गेले की कारखान्याच्या पगारातून परत घेता येणार नाहीत. आल्याचं बेणं विकून कोणी लागणीची तयारी करत नाही.

समजा, सगळं जमलं आणि करारही मिळाला, तरी रग्बीतली कमाई आठ-दहा वर्षांची असते. क्लबही बुडतात. इंग्लंडमध्ये वॉस्प्स आणि वूस्टर हे वरच्या श्रेणीतले क्लब २०२२ मध्ये कोसळले, पुढच्या वर्षी लंडन आयरिश, आणि २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला मेलबर्न रेबेल्स. वॉस्प्स आणि वूस्टरचे करार हातात असलेले खेळाडू तर हंगाम चालू असतानाच बेकार झाले. शरीराचं त्याहून अवघड. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटला की नऊ महिने जातात. डोक्याला बसणाऱ्या माराबद्दल मला मनापासून काळजी वाटते. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन याने २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं आणि तो विजय आठवत नसल्याचं जाहीरपणे सांगितलं. मुलाला हे माहीत असलं पाहिजे. डोक्याला मार लागल्यावर मैदानाबाहेर यायला लाज वाटू देऊ नको, हे त्याला वडिलांनीच सांगायचं आहे.

म्हणून विमा. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ‘Excl09’ नावाचं कलम असतं. धोक्याच्या खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या इजेवरचा खर्च त्यात वगळलेला असतो. यादीत रग्बीचं नाव नसलं तरी ‘इत्यादी’ आहे. पॉलिसी घेण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या आणि वैयक्तिक अपघात विम्यालाही हाच प्रश्न विचारा. न्यूझीलंडमध्ये एसीसी ही सरकारी योजना अपघातावरच्या उपचारांचा बराच भार परदेशी पाहुण्यांसाठीही उचलते. पण बुडालेली कमाई किंवा घरी परतण्याचा खर्च पाहुण्याला मिळत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर या उन्हाळ्यात पदवी पूर्ण करून घेतली असती. मग एक वर्ष इथलं. २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली, सहा संघ, सात-सात खेळाडूंचा खेळ. ती दोन आठवड्यांचीच होती, त्यावर घर चालणार नाही, पण परदेशी खेळाडू आणि प्रशिक्षकांसमोर आपला मुलगा कुठे उभा आहे हे तिथे फुकटात कळतं. निवड झाली नाही, तरी तेही उत्तरच आहे. सोबत क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू करा. केंद्राच्या नोकऱ्यांतल्या खेळाडू भरतीच्या यादीत २०२० पासून रग्बी आहे. राज्याच्या पाच टक्के आरक्षणात त्याची कामगिरी बसते का, ते क्रीडा उपसंचालक कार्यालयात विचारा. तिथून कागद येईपर्यंत ती नोकरी हिशेबात धरू नका.

त्या वर्षानंतर क्लबचं खरं पत्र आलं, तर ठेवीतले दीड लाख द्या. विमानाचं परतीचं तिकीट त्यातच बसवा. बाकी अडीच लाख धाकटीचे, त्यांना हात नाही. आणि ते पतसंस्थेतून राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या शेड्यूल्ड बँकेत हलवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं.

मुलाच्या नावावर पीपीएफ खातं मात्र याच महिन्यात उघडा, वर्षाला ५०० रुपये भरूनही ते चालू राहतं. अनिवासी झाल्यावर नवं खातं उघडता येत नाही, आधीचं मुदत संपेपर्यंत चालवता येतं. आज उघडलेलं खातं तो ३७-३८ वर्षांचा असताना पिकेल, साधारण तेव्हाच रग्बी सुटलेली असेल. तोवर खेळातून काही मिळालं, तर दरवर्षी त्यातला वाटा आधी तिथे जाऊ दे.

गिऱ्हाइकाला मात्र विसार घेण्याआधीच नाही म्हणून कळवा. विसारपावतीवर सही झाल्यावर मागे फिरणं महागात पडतं, आणि गावातलं नातंही त्यात ताणलं जातं.