जागतिक सत्ता अमेरिकेकडून चीनकडे सरकते आहे का? मार्क्सवादी अर्थशास्त्र याकडे कसं बघतं?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. अमेरिकेची सद्दी संपून चीनची सुरू होते आहे का, हा पहिला. हे घडत असतानाच देशोदेशी 'आपला देश आधी' म्हणणारे नेते का निवडून येताहेत, हा दुसरा. आणि या भांडणात मार्क्सवाद्यांनी कुणाची बाजू घ्यावी, हा तिसरा. माझ्या मते तिघांचं मूळ एकच आहे, म्हणून वेगवेगळी उत्तरं देत नाही.

बातम्यांमध्ये देश माणसांसारखे वागतात. अमेरिका चिडते, चीन डाव टाकतो, युरोप गोंधळतो. मार्क्सवादी विश्लेषण इथेच थांबून विचारतं, अमेरिका म्हणजे नक्की कोण? बंद पडलेल्या पोलाद कारखान्यातला कामगार की त्या कारखान्याच्या मालकीचे शेअर्स विकून बाहेर पडलेला गुंतवणूकदार? सत्ता सरकली असं आपण म्हणतो, तेव्हा आधी भांडवल सरकलेलं असतं आणि ते नफ्याच्या मागे गेलेलं असतं. झेंडे, करार, लष्करी तळ हे सगळं त्याच्या मागून येतं, तेही बऱ्याच उशिराने.

मार्क्सने १८६७ साली 'भांडवल'च्या पहिल्या खंडात एक निरीक्षण नोंदवलं आहे. त्याची चर्चा फार होत नाही, पण तुमच्या प्रश्नाला ते थेट लागू पडतं. तो म्हणतो, व्हेनिस उतरणीला लागलं तेव्हा त्याने हॉलंडला मोठमोठी कर्जं दिली. पुढे हॉलंडचे उद्योग मागे पडले, तेव्हा १७०१ ते १७७६ या काळात डच पैसा आपल्याच सर्वात मोठ्या प्रतिस्पर्ध्याला, इंग्लंडला, कर्जाऊ जात होता. आणि आज, म्हणजे त्याच्या काळात, इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात तेच चाललं आहे. घरात पैसा साठलेला असतो, पण घरच्या उद्योगात पुरेसा नफा उरलेला नसतो. मग तो पैसा उगवत्या सत्तेकडे जातो आणि मावळती सत्ता व्याजावर जगू लागते. जोव्हानी अरिगी या इटालियन अभ्यासकाने पुढे याच धाग्यावर भांडवलशाहीच्या कित्येक शतकांचा इतिहास मांडला.

या हस्तांतराचा शेवट कसा होतो, हे १९५६ साली दिसलं. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतल्यावर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला. लष्करी पातळीवर ब्रिटन हरत नव्हतं. पण पौंड घसरू लागला, डॉलरची गंगाजळी आटू लागली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरायची वेळ आली. अमेरिकेच्या आयझेनहॉवर सरकारने स्पष्ट केलं की सैन्य मागे घेतल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. सैन्य मागे गेलं, डिसेंबरमध्ये कर्ज मंजूर झालं. एका साम्राज्याला रणांगणावर पराभव न होताही माघार घ्यावी लागली, कारण तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली होती.

आता चीनकडे येऊ. इथे मार्क्सचा तो नमुना उलटा फिरलेला दिसतो, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. या वेळी उगवत्या सत्तेने मावळत्या सत्तेला कर्ज दिलं आहे.

हे कसं घडलं? १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी उद्योगांचा नफ्याचा दर घसरू लागला. जर्मनी आणि जपान स्पर्धेत उतरले होते आणि संघटित कामगार पगारवाढ मिळवत होते. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. १९८०च्या सुमारास अमेरिकी मध्यवर्ती बँकेने व्याजदर २० टक्क्यांच्या घरात नेले. त्यातून महागाई आवरली खरी, पण बेकारी वाढली आणि कामगार संघटनांचं कंबरडं मोडलं. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा भांडवल स्वस्त श्रमाच्या शोधात बाहेर पडलं. चीनने १९७८ पासून दारं उघडली होती, आणि डिसेंबर २००१ मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत आला.

एकाच वस्तूचं उदाहरण घेतो. २००९ साली एक आयफोन ३जी बनवायला सुमारे १७९ डॉलर खर्च येत होता. सुटे भाग जपान, जर्मनी, दक्षिण कोरिया, अमेरिका इथून येत. चीनमध्ये ते जोडण्याच्या कामाचे यातले फक्त साडेसहा डॉलर होते. व्यापाराच्या आकडेवारीत मात्र पूर्ण फोन 'चीनची निर्यात' म्हणून मोजला जाई. 'चीनने आमच्या नोकऱ्या पळवल्या' या वाक्यामागचा व्यवहार हा असा होता. नोकरी चीनमध्ये गेली हे खरं, पण वरकड मूल्याचा, म्हणजे कामगाराने पगारापेक्षा जास्त निर्माण केलेल्या मूल्याचा, मोठा वाटा चीनमध्ये राहिलाच नाही, तो ब्रँड आणि पेटंट ज्यांच्या हातात त्यांच्याकडे गेला.

चीनमध्ये जे राहिलं, तेही कामगाराच्या खिशात फारसं गेलं नाही. गावाकडून शहरात आलेल्या कोट्यवधी कामगारांना हुकू नावाच्या नोंदणी पद्धतीमुळे शहरात शाळा, दवाखाना, पेन्शन यांचे पूर्ण हक्क मिळत नाहीत. स्वतंत्र कामगार संघटना काढायला बंदी आहे. म्हणून चीनच्या राष्ट्रीय उत्पन्नात घरगुती खपाचा वाटा ४० टक्क्यांच्याही खाली राहत आला आहे. आपण बनवलेला माल विकत घेण्याइतके पैसे कामगाराकडे नाहीत, मग तो माल बाहेर विकायचा आणि आलेले डॉलर अमेरिकी सरकारी रोख्यांत ठेवायचे, म्हणजे अमेरिकी सरकारला कर्जाऊ द्यायचे. २०१३ मध्ये चीनकडच्या या रोख्यांची रक्कम १.३ लाख कोटी डॉलरपर्यंत पोहोचली होती. त्या पैशाने अमेरिकेत कर्ज स्वस्त राहिलं आणि तिथला कामगार न वाढणाऱ्या पगाराची भरपाई क्रेडिट कार्डाने आणि घरावरच्या कर्जाने करत राहिला. अमेरिकेत २००० साली कारखान्यांत १ कोटी ७० लाखांहून जास्त नोकऱ्या होत्या, २०१० पर्यंत त्या १ कोटी १५ लाखांच्या आसपास आल्या. मधे २००८चं आर्थिक संकट येऊन गेलं, त्यात बँका वाचवल्या गेल्या आणि लाखो कुटुंबांची घरं गेली.

म्हणजे चीनमधल्या शेन्झेनच्या कामगाराचा दाबलेला पगार आणि अमेरिकेतल्या ओहायोच्या कामगाराचं वाढलेलं कर्ज हे एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत. हे लक्षात आलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं हाती येतं.

ज्यांचं काम गेलं त्यांना त्याचं कारण हवं होतं. ज्या पक्षांनी पूर्वी कामगारांच्या नावाने मतं मागितली, त्याच पक्षांनी हे व्यापार करार पुढे रेटले होते. त्यामुळे वर्गाच्या भाषेत बोलणारं कुणी उरलं नव्हतं आणि रिकाम्या जागेत राष्ट्राची भाषा आली. मार्क्सने फ्रान्सबद्दल हेच दाखवलं होतं. डिसेंबर १८४८च्या अध्यक्षीय निवडणुकीत नेपोलियनचा पुतण्या लुई बोनापार्ट याला सुमारे ७४ टक्के मतं मिळाली, ती प्रामुख्याने कर्जात बुडालेल्या लहान शेतकऱ्यांची होती. हे शेतकरी विखुरलेले होते, त्यांची स्वतःची संघटना नव्हती, म्हणून त्यांनी वरून येणारा तारणहार निवडला. २०१६ मध्ये मिशिगन, पेनसिल्वेनिया या अमेरिकेतल्या जुन्या कारखानदारीच्या राज्यांत ट्रम्प कसे जिंकले, ते समजून घ्यायला मला आजही याहून चांगली मांडणी सापडलेली नाही. त्या मतदारांना अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांचं दुखणं खरं होतं, औषध चुकीचं मिळालं.

पण नेता बदलला म्हणून धोरण बदललं, असं मात्र समजू नका. ट्रम्प यांनी २०१८ मध्ये चिनी मालावर लावलेली आयातशुल्कं बायडेन यांनी बहुतांशी तशीच ठेवली, ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत चिप्सच्या निर्यातीवर कडक निर्बंध घातले आणि २०२४ मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवर १०० टक्के शुल्क लावलं. दोन हाडवैरी पक्ष एका गोष्टीवर एकमत होतात, तेव्हा त्यामागे भांडवलाची गरज शोधावी. २००० साली अमेरिकी कंपन्यांना चीन हवा होता, कारण तो त्यांच्यासाठी वर्कशॉप होता. ह्युआवे आणि बीवायडी यांच्यासारख्या चिनी कंपन्या तंत्रज्ञानातून मिळणाऱ्या मक्तेदारी नफ्यातच वाटा मागू लागल्या, तेव्हा तेच वर्कशॉप प्रतिस्पर्धी बनलं. आयातशुल्काने कामगाराचं भलं होतं का, यावर मार्क्स जानेवारी १८४८ मध्ये ब्रुसेल्सच्या भाषणात बोलला होता. खुला व्यापार म्हणजे भांडवलाला कामगार चिरडण्याची मोकळीक, असं तो म्हणाला. त्याच वेळी संरक्षक शुल्काचीही त्याने कामगारांची ढाल म्हणून भलामण केली नाही, देशात मोठे उद्योग उभे करण्याचं ते एक साधन आहे, असंच त्याने सांगितलं.

यातून युद्ध होईल का, हा वाद जुना आहे. १९१४ मध्ये जर्मन मार्क्सवादी काउत्स्कीने शक्यता मांडली की मोठ्या सत्ता आपसात करार करून जगाचं शोषण शांततेने करतील. लेनिनचं उत्तर होतं की असे करार टिकत नाहीत, कारण देशांची वाढ असमान वेगाने होते आणि कालच्या ताकदीवर ठरलेली वाटणी उद्याच्या ताकदवानाला मान्य नसते. १९९० नंतरची वीसेक वर्षं काउत्स्कीसारखी दिसली. आता पारडं लेनिनकडे झुकलेलं दिसतं.

मग चीन समाजवादी आहे, म्हणून त्याची बाजू घ्यायची का? यावर डाव्यांमध्ये टोकाचे मतभेद आहेत. माझं मत २०१८ सालातल्या दोन घटना शेजारी ठेवून सांगतो. ५ मे २०१८ ला मार्क्सच्या जन्माला २०० वर्षं झाली, तेव्हा त्याच्या जन्मगावी, जर्मनीतल्या ट्रिअरमध्ये, चीनने भेट दिलेला त्याचा भव्य पुतळा उभा राहिला. त्यानंतर दोनच महिन्यांनी शेन्झेनमधल्या जॅसिक या वेल्डिंग यंत्रांच्या कारखान्यात कामगारांनी संघटना काढायचा प्रयत्न केला आणि त्यांना कामावरून काढलं गेलं. पेकिंग विद्यापीठासह इतर ठिकाणचे मार्क्सवादी विद्यार्थी त्यांच्या पाठिंब्याला गेले. ऑगस्टमध्ये पोलिसांनी छापा घालून सुमारे ५० जणांना ताब्यात घेतलं. चीनने कोट्यवधी लोकांना गरिबीतून वर काढलं, हे मी कधीच कमी लेखणार नाही. पण जिथे कामगारांच्या बाजूने उभं राहणाऱ्या मार्क्सवादी विद्यार्थ्यांना अटक होते, तिथल्या व्यवस्थेला मी समाजवाद म्हणू शकत नाही.

डॉलरबद्दल थोडं, कारण 'आता डॉलर कोसळणार' हे भाकीत डावे १९७१ पासून करताहेत आणि ते खरं ठरलेलं नाही. देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा १९९९ मध्ये ७१ टक्के होता, आता ६०च्या खाली आहे. घसरण आहे, पण संथ. चीनचं चलन युआन, त्याला ती जागा घ्यायची तर चीनला भांडवलाची ये-जा मोकळी करावी लागेल, आणि तसं केलं की बँकांवरचा, पर्यायाने गुंतवणुकीवरचा, पक्षाचा ताबा सुटेल. तो सोडायची पक्षाची तयारी नाही. २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवल्यावर अनेक देश धास्तावले, पण ते युआनकडे न वळता सोन्याकडे वळले. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आदी देशांच्या ब्रिक्स गटाकडून मला फार अपेक्षा नाही. त्या देशांचे सत्ताधारी वर्ग एकमेकांचे स्पर्धक आहेत आणि समान चलनासाठी लागणारा विश्वास त्यांच्यात नाही.

राहिला तिसरा प्रश्न. माझं उत्तर मेक्सिकोतल्या सिलाओ शहरातलं आहे. तिथे जनरल मोटर्सचा मोठा कारखाना आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या कामगारांनी संप केला, तेव्हा सिलाओतल्या काही कामगारांनी संपाला पाठिंबा म्हणून जादा काम करायला नकार दिला. 'मेक्सिकन आमच्या नोकऱ्या खातात' असं ज्या देशात रोज ऐकवलं जात होतं, त्या देशातल्या कामगारांसाठी त्यांनी हे केलं आणि त्यांच्यातल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या. पण ते थांबले नाहीत. मालकधार्जिण्या जुन्या संघटनेचा करार कामगारांनी २०२१ मध्ये मतदानाने फेटाळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांची स्वतंत्र संघटना प्रचंड बहुमताने निवडून आली. या लढ्यात अमेरिका आणि कॅनडातल्या कामगार संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या. काही महिन्यांतच नव्या संघटनेने पगारवाढीचा करार केला. तिथला पगार जितका वाढेल तितकं अमेरिकेतल्या कामगाराला 'कारखाना मेक्सिकोत नेऊ' म्हणून धमकावणं मालकाला अवघड जाईल. मी या कामगारांच्या बाजूचा आहे.